चिंगीने चॉकलेट बिस्किट खाल्लंय. आज रात्री काय करू, आणि घरातल्यांना कसं सांगू?

चिंगीठमी (रात्री ९.४०)

माझ्याकडे दोन गिनीपिग आहेत, दोन्ही माद्या. चिंगी अडीच वर्षांची, ठमी दहा महिन्यांची. आज संध्याकाळी घरात पाहुणे होते. मी स्वयंपाकघरात असताना नणंदेच्या पाच वर्षांच्या मुलाने चिंगीला चॉकलेटचं बिस्किट दिलं. लाडानेच दिलं. मी बाहेर आले तेव्हा तो जाळीला नाक लावून बसला होता आणि मला म्हणाला, "मामी, तिला खूप आवडलं."

उरलेलं बिस्किट मी लगेच काढून घेतलं. कडेला तिच्या दातांच्या बारीक खुणा होत्या. गवतात पडलेला चुराही वेचला. सगळं धरून साधारण माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा तिच्या पोटात गेला असावा. वर दुधाच्या चॉकलेटचा थर, खाली मैदा आणि साखर. ठमीला दिलं नाही असं तो म्हणतोय.

चिंगीचं वजन ९४० ग्रॅम. आत्ता ती तिच्या लाकडी खोक्यात जाऊन बसली आहे. घरात गर्दी असली की ती तशीही आतच बसते, त्यामुळे भीतीने बसली आहे की पोटात दुखतंय, हे मला समजत नाहीये.

आणि या गडबडीत दुसरंच बाहेर आलं. सासरे म्हणाले, "अगं, एवढ्याशाने काय होतंय? मी तर रोज सकाळी दोघींना पावाचा तुकडा देतो." कधीपासून म्हणून विचारलं, तर आणल्यापासून! माझ्या पोटात गोळा आला. बाबांचा या दोघींवर फार जीव आहे. सकाळी त्यांच्या पावलांची चाहूल लागली की दोघी जाळीला दोन पाय टेकून शिट्ट्या मारायला लागतात. आता कळलं त्या कशासाठी मारतात.

आज रात्री मी काय करायचं ते आधी सांगा. आणि हे सगळे हात आवरायचे कसे, तेही सांगा. मला कोणाला दुखवायचं नाही, पण या दोघींना काही झालं तर मला ते सहन होणार नाही.

गवतवाली (रात्री ९.५२)

आधी रात्रीचं बघू, बाकीचं उद्या.

उलटी व्हावी म्हणून काही पाजू नका. गिनीपिगला उलटी होतच नाही, शरीराची रचनाच तशी आहे. जे आत गेलं ते पुढेच सरकणार. म्हणून पोट चालू ठेवणं हेच आजचं काम. समोरचं वाळलेलं गवत काढून घेऊ नका, उलट ताजं, भरपूर टाका. "आज पोटाला आराम देऊ" हा माणसांचा विचार इथे उलटा पडतो. यांचं पोट रिकामं राहिलं की आतडं मंदावतं, मग वायू धरतो, मग दुखतं म्हणून ती खात नाही, आणि हे चक्र फार वेगाने फिरतं.

दोघींच्या मध्ये आज रात्रीपुरती जाळी उभी करा. एकमेकींना दिसतील, हुंगता येईल, पण लेंड्या वेगळ्या पडतील. नाहीतर सकाळी ढीग दिसेल आणि तो सगळा ठमीचा असेल. चिंगीच्या बाजूला पांढरं कापड अंथरा म्हणजे मोजता येतं. लेंड्या नेहमीसारख्या लांबट, कोरड्या, एका मापाच्या असल्या तर ठीक. बारीक झाल्या, माळेसारख्या चिकटून आल्या, पातळ झाल्या किंवा बंद झाल्या तर ठीक नाही.

आता खोक्यातून बाहेर काढून तिच्याकडे नीट बघा. पाठ वर काढून अंगाचं बोचकं केलंय का, केस फुलवलेत का, दात करकर वाजवतेय का, श्वास भरभर चाललाय का, अंग थरथरतंय का? पोटावर बोटं ठेवा. मऊ असायला हवं. नगाऱ्यासारखं ताणलेलं लागलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

तुमच्या डॉक्टरांना मात्र काहीच दिसत नसलं तरी फोन करा. वजन ९४०, दुधाचं चॉकलेट, नखाएवढा तुकडा, इतक्या वाजता. या चारही गोष्टी सांगा. ससे, गिनीपिग असे छोटे प्राणी बघणारे डॉक्टर असतील तर फारच बरं.

मी जागी आहे. कळवा.

मोत्याचादादा (रात्री १०.१५)

ताई, इतकं घाबरू नका. आमच्याकडे दोन गिनीपिग होते. दूधपाव, बिस्किट, बटाट्याचे चिप्स, चीज, जे आम्ही खायचो ते त्यांनाही मिळायचं. कधी काही झालं नाही. एक तीन वर्षं राहिला, दुसरा सव्वातीन. आजोबांना तोडू नका, म्हाताऱ्या माणसाला तेवढाच विरंगुळा असतो.

दवाखान्यातला (रात्री १०.४०)

मी प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांचा मदतनीस आहे. डॉक्टर नाही, म्हणून औषधाचं काही सांगणार नाही. टेबलावर रोज जे बघतो तेवढं सांगतो.

चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन आणि कॅफिन असतं. त्याने हृदय धावतं, प्राणी अस्वस्थ होतो, थरथरतो. चॉकलेट जितकं काळं तितका धोका जास्त. कोको पावडर सगळ्यात वाईट, दुधाच्या चॉकलेटमध्ये त्या मानाने बरंच कमी. त्यामुळे बिस्किटावरच्या पातळ थराने आभाळ कोसळेलच असं नाही, पण प्राणी किलोभराचासुद्धा नाही, म्हणून फोन कराच. साखर आणि मैद्यानेही पोट बिघडू शकतं, आणि ते कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतं. आज रात्र बरी गेली तरी उद्याचा दिवस लक्ष असू द्या.

दादा, तुमच्या मनात वाईट नाही हे कळतं, पण "काही झालं नाही" हे गिनीपिगच्या बाबतीत सांगणं फार अवघड असतं. हा शिकार होणारा प्राणी. आजारी आहे हे दिसलं तर पहिला बळी त्याचाच जाणार, म्हणून तो शेवटपर्यंत लपवतो. आमच्याकडे येतात तेव्हा मालक म्हणतात कालपर्यंत ठणठणीत होता, आणि तपासताना कळतं की दुखणं काही आठवड्यांचं आहे.

यांच्या पोटाबद्दल थोडं सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप समजेल. गिनीपिगचं मोठं आतडं सुरू होतं तिथे एक भलीमोठी पिशवी असते, सीकम म्हणतात तिला. आतड्यांमधला बराचसा माल एका वेळी त्या पिशवीतच असतो. तिथे असंख्य जिवाणू गवतातला चोथा आंबवतात आणि त्यातून प्राण्याला ताकद मिळते. तिथून निघालेल्या मऊ गोळ्या तो स्वतः परत खातो. तुमची चिंगी मध्येच मान पोटाखाली घालून काहीतरी चघळते ना, ते हेच, त्यात घाण काही नाही. ही सगळी वस्ती चोथ्यावर जगते. तिच्यात साखर आणि पिठूळ पदार्थ ओतले की भलतेच जिवाणू माजतात. दूध, चीजचंही तेच, आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर त्यांना पचत नाही.

एक गोष्ट कोणी विचारली नाही तरी सांगतो, कारण त्यात मी प्राणी गेलेले बघितलेत. घरातलं माणसाचं अँटिबायोटिक कधीही देऊ नका. अमॉक्सिसिलिन किंवा त्या जातीचं औषध तोंडावाटे गेलं तर चांगले जिवाणू मरतात, विष तयार करणारे वाढतात, आणि गिनीपिग काही दिवसांत दगावतो. गेल्या वर्षी एक गृहस्थ शिंकणारा गिनीपिग घेऊन आले होते. मुलाच्या सर्दीचं उरलेलं पातळ औषध त्यांनी थेंबथेंब पाजलं होतं, दोन दिवस, रात्री उठून. बिचाऱ्यांनी मनापासून केलं होतं. आम्ही त्याला वाचवू शकलो नाही.

चिंगीठमी (पहाटे ५.२०)

डॉक्टरांशी बोलणं झालं. ते म्हणाले, दुधाचं चॉकलेट आणि एवढाच तुकडा असेल तर घरी लक्ष ठेवा, पण खाणं थांबलं किंवा पोट फुगलं तर तडक या. सकाळी दहाला दाखवायला बोलावलंय.

मध्ये जाळी लावली, पांढरं कापड अंथरलं. बाराला ती बाहेर आली, गवताला तोंड लावून परत आत गेली. एक वाजेपर्यंत कापडावर फक्त चार लेंड्या. मी तिथेच जमिनीवर बसून होते. सव्वादोनला खोक्यातून आवाज आला, गवत कुरकुरण्याचा. मी दिवासुद्धा लावला नाही. पाचपर्यंत एकेचाळीस लेंड्या झाल्यात, थोड्या लहान आहेत पण कोरड्या. पोट मऊ आहे.

बाबाही दीडला उठून आले होते. काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि अडीचला मला म्हणाले, "खातेय ना गं?"

गवतवाली (सकाळी ७.३०)

एकेचाळीस! किती बरं वाटलं वाचून. आज दिवसभर असंच बघा. दहाला जाताना रात्रीच्या लेंड्या छोट्या डबीत घेऊन जा, आणि डॉक्टरांना पावाचंही सांगा. दाढा बघायला सांगा. ते का, ते आता सविस्तर लिहिते, कारण मला खरं तर चॉकलेटपेक्षा पावाचीच काळजी आहे.

मी अकरा वर्षं गिनीपिग पाळतेय. पहिला होता भुऱ्या. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की हा शाकाहारी प्राणी आहे, म्हणजे पाव चालेल, बिस्किट चालेल, कॉर्नफ्लेक्स चालतील. त्याला ते आवडायचंही. गवत पिंजऱ्यात असायचं, पण तो त्याच्यावर झोपायचा. मला वाटायचं, किती छान गादी केलीय.

गिनीपिगला २० दात असतात आणि ते सगळेच्या सगळे, दाढासुद्धा, जन्मभर वाढत राहतात. त्यांची झीज होते ती गवत चघळून. गवताचा चोथा खरखरीत असतो, तो तासन्‌तास आडवा जबडा हलवून दळावा लागतो. पाव दोन चावांत विरघळतो. पाव कडक करून वाळवून दिला तर दात झिजतील असं पुष्कळ लोक सांगतात, तेही खरं नाही, तोंडात गेला की त्याचा लगदाच होतो. आणि पावाने पोट भरलं की तेवढं गवत कमी जातं. म्हणजे पाव काही विष नाही, पण तो गवताची जागा खातो.

भुऱ्या साडेतीन वर्षांचा असताना मी एक दिवस बघितलं, तो गवताची एक काडी उचलतो, तोंडात धरतो, आणि टाकून देतो. परत दुसरी उचलतो. भूक होती. डोळे लावून बघायचा, ताटलीपाशी सगळ्यात आधी यायचा, आणि मग तोंडात घेतलेलं खाली पडायचं. हनुवटीखालचे केस कायम ओले. मला वाटलं पाणी पिताना सांडतोय. ती लाळ होती. वजन १०५० चं ८८० झालं होतं आणि मला पत्ता नव्हता, कारण मी वजन करतच नव्हते. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं. खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी आत वाढून जिभेवर कमानीसारख्या आल्या होत्या. जीभ त्यांच्याखाली अडकली होती. त्याला गिळताच येत नव्हतं.

दाढा घासून घेतल्या, महिनाभर मी सिरिंजने भरवलं, दिवसातून सहा वेळा. तो जगला, आणखी दोन वर्षं जगला, पण दर दीड-दोन महिन्यांनी दाढा घासायला न्यावं लागायचं. प्रत्येक वेळी भूल. तो माझ्या हातात लाकडासारखा ताठ व्हायचा दवाखान्याच्या दारात. म्हणून दाढा बघा म्हणतेय.

आता काय करायचं. पाव आजपासून बंद, हळूहळू कमी करायची गरज नाही. नवीन भाजी मात्र हळूहळूच वाढवायची. आहारात चार वाटण्या धरल्या तर तीनहून जास्त वाळलेलं गवत, टिमथी किंवा तसंच चोथ्याचं, दिवसरात्र समोर. पानांची ताजी भाजी रोज एक वाटीभर. पेलेट, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या तयार खाद्याच्या गोळ्या, एक-दोन चमचे, तेही साधे, क जीवनसत्त्व घातलेले आणि ताजे. पिशवी उघडून महिनोन्‌महिने पडली की त्यातलं क निघून जातं. सशाचे पेलेट चालत नाहीत, त्यात क घातलेलं नसतं. लसूणघास वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, तुमच्या दोघींना रोज नको, त्यात कॅल्शियम खूप, मूतखडा होतो. (नावात लसूण आहे म्हणून एकदा कोणीतरी मला विचारलं होतं. त्याचा लसणीशी काही संबंध नाही. खरी लसूण मात्र औषधालासुद्धा नको.)

क जीवनसत्त्वाचं विसरू नका. आपल्यासारखंच गिनीपिगचं शरीरही ते बनवू शकत नाही. किलोभर वजनाला रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. नाही मिळालं तर स्कर्व्ही: सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, हलायचं नको होतं. आणि लाल ढोबळी मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे बोटाएवढी एक फोड दिली तरी दिवसाचं काम होतं. पाण्यात थेंब टाकू नका. उजेडात ते टिकत नाही आणि चव बदलली की त्या पाणीच कमी पितात.

आता बाबांचं. ज्याला प्रेमाने द्यायची सवय आहे त्याच्या हातातलं काढून घेतलं की तो लपून देतो. तेव्हा काढून घेऊ नका, बदला. पिंजऱ्याशेजारी एक झाकणाचा डबा ठेवा. त्यात सकाळीच ढोबळी मिरचीच्या फोडी, कोथिंबिरीच्या चार काड्या, काकडीचे दोन काप मोजून ठेवायचे. दिवसात ज्याला कोणाला द्यायचं आहे त्याने त्यातलंच द्यायचं. डबा संपला की दिवस संपला. पाहुण्यांची मुलं आली तर त्यांच्या हातात मूठभर गवत द्या, एकेक काडी भरवायला. एक काडी संपायला वेळ लागतो, आणि मुलांना तोंडात आत-आत जाणारी काडी बघायला फार आवडतं.

आणि तो डबा भरायचं काम बाबांना द्या. तुम्ही भरू नका.

मोत्याचादादा (सकाळी ८.१०)

गवतवाली ताई, तुम्ही ओल्या हनुवटीचं लिहिलंत.

आमच्या धाकट्याची, म्हणजे सव्वातीन वर्षं राहिला त्याची, शेवटी हनुवटी ओली असायची. आम्ही पुसायचो. आई म्हणायची म्हातारा झालाय, लाळ गळते. पाव दुधात भिजवून द्यायचो, तेवढंच खायचा. मग तेही सोडलं. आम्हाला वाटलं वय झालं. किती वर्षं जगतात हो हे?

गवतवाली (सकाळी ८.३५)

दादा, नीट राहिले तर पाच ते आठ वर्षं.

हे लिहिताना माझे हात जड झाले. पण तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगितलं. तुम्ही पाव दुधात भिजवून भरवत होतात, हनुवटी पुसत होतात. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, मलाही नव्हतं. भुऱ्या वाचला तो माझ्या हुशारीमुळे नाही. एका डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून बघितलं म्हणून वाचला.

मोत्याचादादा (सकाळी ९.०५)

हो. त्याचं नाव ढब्बू होतं. वरती मी जे लिहिलंय ते वाचून कोणी पाव देऊ नये. खोडत नाही, तसंच राहू दे, खाली हे वाचतील.

छोटीसमीक्षक (दुपारी ४.१५)

काकू, मी शाळेत आहे, माझा लहान भाऊ चार वर्षांचा आहे. त्याला "देऊ नको" सांगून काही उपयोग होत नव्हता, कारण तो विसरायचा. मग मी पिंजऱ्यावर चित्रं चिकटवली. लाल चौकटीत चॉकलेट, बिस्किट, पाव, चिप्स, कांदा, लसूण, बटाटा, दाणे. हिरव्या चौकटीत गवत आणि ढोबळी मिरची. त्याला वाचता येत नाही पण चित्रं कळतात. आता तो पाहुण्यांनाच ओरडतो.

मला एक विचारायचंय. लाल यादीत आणखी काय टाकू? आणि टोमॅटो कुठल्या चौकटीत?

दवाखान्यातला (संध्याकाळी ७.५०)

फार छान केलंस.

लाल चौकटीत अव्होकाडो घाल, त्यात पर्सिन नावाचं विष असतं. मशरूम घाल. रुबार्ब (आंबट देठांची परदेशी भाजी) घाल. कच्चा राजमा आणि तसली सगळी कच्ची कडधान्यं घाल. कांदा-लसूण तू घातलेच आहेस, त्यांच्या जातीचं सगळंच त्यात, पातीचा कांदासुद्धा. ते रक्तातल्या लाल पेशी फोडतं, आणि शिजवल्याने निघून जात नाही. बटाटा कुठलाच नको, त्यातही हिरवा पडलेला किंवा मोड आलेला तर अजिबात नको, त्याचा पालाही नको. पीनट बटर घशात चिकटतं. पॉपकॉर्न, बिया, कठीण कवचाचे दाणे अडकतात.

टोमॅटोचं चित्र अर्धं-अर्धं काढ. पिकलेल्या लाल फळाची छोटी फोड अधूनमधून चालते, पण पानं, देठ आणि हिरवा टोमॅटो लालमध्ये. गाजर, सफरचंद, द्राक्षं विष नाहीत पण गोड आहेत, आठवड्यातून एक-दोनदा नखाएवढं. त्यांना पिवळी चौकट कर. पालकालाही पिवळीच.

आणि भावाला एक सोपं वाक्य शिकव, आम्ही दवाखान्यात सगळ्यांना तेच सांगतो: चुलीवर गेलेलं नको, आपल्या खाऊच्या डब्यातून-पुड्यातून आलेलं नको. शिजवलेलं, भाजलेलं, तळलेलं, मीठ-साखर-तेल लागलेलं काही नाही.

चिंगीठमी (नऊ दिवसांनी)

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

चिंगीला त्या दिवशी तपासून आणलं. पोट ठीक. पण दाढांचं ताई म्हणाल्या ते खरं ठरलं. उजव्या बाजूच्या खालच्या दाढेला आतून धार आली होती. अजून जिभेला लागलेली नाही. डॉक्टर म्हणाले आत्ता घासायची गरज नाही, फक्त गवतावर आणा आणि तीन आठवड्यांनी परत दाखवा. ठमीच्या चांगल्या आहेत.

दवाखान्यातून आल्यावर मी बाबांना काही समजावलं नाही. तुम्ही दोघांनी लिहिलेलं, भुऱ्याचं आणि ढब्बूचं, त्यांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग उठून विळी काढली आणि म्हणाले, "ती लाल मिरची कशी चिरायची ते दाखव."

तेव्हापासून डबा तेच भरतात. सहाला उठतात, फोडी करतात, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतात, प्रत्येकीला २० ग्रॅम. पहिले तीन दिवस चिंगीने मिरचीला हुंगून पाठ फिरवली. ठमीने लगेच खाल्ली. ताई, तुम्ही आधी कुठेतरी लिहिलं होतं की मोठा गिनीपिग नवीन चवीला लवकर तोंड लावत नाही, ते आठवलं म्हणून बाबांना धीर धरायला सांगितलं. चौथ्या दिवशी तिने ठमीच्या तोंडातली फोड ओढून घेतली आणि खोक्यात पळाली. बाबा मला हाका मारत स्वयंपाकघरात आले.

दर रविवारी वजन लिहायला घेतलंय. परवाच्या रविवारी चिंगी ९३०, ठमी ७८०. दहा ग्रॅम कमी आहेत ते पाव बंद झाल्यामुळे असावेत, पण खालीच जायला लागलं तर तीन आठवडे थांबणार नाही. गवत आता दुप्पट लागतंय. पूर्वी त्या त्याच्यावर झोपायच्या, आता सकाळपर्यंत रॅक रिकामं असतं.

भाचा परत आला होता. मी काही बोलायच्या आत त्याने दोन्ही हात पुढे करून रिकामे दाखवले. मग बाबांनी त्याला मूठभर गवत दिलं आणि दोघं जाळीपाशी बसले. अर्धा तास.

एक विचारायचं आहे, बाबांचाच प्रश्न आहे: ढोबळी मिरचीचा देठ आणि बिया काढायच्या का? ते रोज एकेक बी चिमटीने वेचत बसतात आणि त्यात पाऊण तास जातो.

गवतवाली (त्याच दिवशी)

देठ काढायचाच. बियांचा भाग सुरीने एकदम कापून फोड पाण्याखाली धरा, उरलेल्या एक-दोन बियांनी काही होत नाही. पण बाबांना चिमटीने वेचायला आवडत असेल तर वेचू द्या.